एसओ फाईल पडते कुठे आणि उचलली जाते कुठून : वजनकाटा ॲपच्या प्रकल्प नोंदी, घणसोली

७ जुलै २०२५, सोमवार

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडत्यांचं वजनकाटा ॲप आजपासून आपल्याकडे. ब्लूटूथ काट्यावरून वजन घ्यायचं, मापाडी हो म्हणाला की गोणी नोंदवायची आणि शेवटी छोट्या प्रिंटरवर पट्टी काढायची, काम एवढंच. पण काट्याकडून येणारा डेटा वाचणं आणि हलणारं वजन स्थिर कधी झालं ते ठरवणं हा भाग सी प्लस प्लसमधे आहे, कारण तोच कोड आयफोनवर पण चालवायचाय. तो कंपाइल झाला की अँड्रॉइडसाठी त्याची लायब्ररी बनते, तीच शीर्षकातली एसओ फाईल. आधीच्या टीमने रेपो (कोडचा गिट फोल्डर) दिला, सोबत एक झिप दिली, आणि रीडमीमधे एकच ओळ, "बिल्ड.एसएच चालवा". बरं.

पहिली तक्रार मात्र भारी निघाली. शेवटच्या रिलीजमधे राउंडिंग सुधारलंय, आधी ग्रॅमचं शेवटचं घर सरळ कापलं जायचं ते आता नीट राउंड होतं, पण मार्केटमधल्या काही फोनवर ते अजून कापलंच जातंय. एकच एपीके (ॲपची इन्स्टॉल फाईल), एकच व्हर्जन नंबर, शेजारी शेजारी उभे दोन मापाडी आणि एकाच गोणीचं वजन दोन फोनवर वेगळं. आडत्याच्या डोक्यात लगेच येतं की काटा मारतायत की काय, त्यामुळे हे आधी.

एपीके म्हणजे झिपच असते, उघडून बघितली. लिब फोल्डरमधे आर्म६४-व्ही८ए आणि आर्मईएबीआय-व्ही७ए असे दोन फोल्डर, पहिला ६४ बिट फोनसाठी, दुसरा ३२ बिट, दोन्हीत आमची लायब्ररी. स्ट्रिंग्ज कमांड चालवून दोन्हीतला व्हर्जनचा मजकूर काढला. ६४ बिटवाली नवीन, ३२ बिटवाली जुनीच. ज्या फोनवर तक्रार आहे ते सगळे जुने, स्वस्तातले, ३२ बिटवाले. म्हणजे कोडमधे काही नाहीये, कोड सुधारलेलाच आहे, फक्त तो अर्ध्या फोनवर पोचलेलाच नाही.

८ जुलै, मंगळवार

आज फक्त वाचन. बिल्ड.एसएच उघडली तर आत सीमेकला (सी प्लस प्लसचा बिल्ड मांडणारं टूल) एनडीकेची (अँड्रॉइडची सी प्लस प्लससाठीची किट) टूलचेन फाईल देऊन फक्त ६४ बिटसाठी बिल्ड चालतो, आणि सीमेकलिस्ट्स ह्या सीमेकच्या सूचनांच्या फाईलमधे वरच ही ओळ आहे, लॅटिन कीबोर्ड बाजूला ठेवून सांगायचं तर सेट करा सीमेक_लायब्ररी_आउटपुट_डिरेक्टरी म्हणजे ॲपच्या सोर्स मेनमधला जेएनआयलिब्स आणि त्यातला आर्म६४-व्ही८ए फोल्डर. हार्डकोड, म्हणजे पाथ ओळीतच पक्का लिहिलेला. ३२ बिटवाली फाईल कोणीतरी कधीतरी स्वतःच्या मशीनवर बनवून गिटमधे कमिट केलीय आणि तेव्हापासून ती तशीच पडून आहे. ग्रेडलला (एपीके बांधणाऱ्या टूलला) यातलं काही कळायचं कारणच नाही, सोर्स मेन जेएनआयलिब्समधे जे दिसेल ते उचलून एपीकेत टाकायचं हा त्याचा डीफॉल्ट, फाईल ताजी का शिळी हे तो विचारत नाही.

ज्युनियर म्हणाला, "ताई, मग ३२ बिटची पण बनवून तिथे टाकू ना, दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटांचं आहेच, पण पुढच्या रिलीजला परत कोणीतरी विसरणार. फाईल हाताने उचलून ठेवायची गरजच पडू नये असं करायचंय.

त्याच्यासाठी इथे लिहून ठेवते, परत परत विचारतो म्हणून. सीमेकमधे आउटपुट कुठे पडणार हे तीन वेगळ्या व्हेरिएबलवर ठरतं. शेअर्ड लायब्ररी म्हणजे एसओ, ती लायब्ररी आउटपुटवाल्यात. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे डॉट ए, ती आर्काइव्ह आउटपुटवाल्यात. चालवता येणारी फाईल रनटाइम आउटपुटवाल्यात. आणि विंडोजवर गंमत अशी की डीएलएल शेअर्ड असली तरी ती रनटाइमवाल्यात जाते, म्हणून तुझ्या लॅपटॉपवर डेस्कटॉप टेस्टची डीएलएल "हरवली" होती, हरवली नव्हती, दुसऱ्या फोल्डरमधे होती. अजून एक, हे व्हेरिएबल ॲड लायब्ररीच्या ओळीच्या आधी सेट केलेलं असावं लागतं. टार्गेट तयार होतानाच त्याची किंमत टार्गेटवर कॉपी होते, नंतर कितीही सेट करा, त्या टार्गेटला फरक पडत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही.

१० जुलै, गुरुवार

ज्युनियरला स्वतः बघू दे म्हणून त्याच सीमेकलिस्ट्सवर ३२ बिटचा बिल्ड चालवायला सांगितला. झालं तेच व्हायचं होतं. ३२ बिटची फाईल जाऊन ६४ बिटच्या फोल्डरमधे बसली, ॲप उघडताक्षणी डीएलओपन (लायब्ररी उघडणं) फेल्ड, आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं की ही फाईल ६४ बिटच्या ऐवजी ३२ बिटची आहे. अँड्रॉइडच्या एरर मेसेजमधे इतका सरळ मेसेज क्वचित मिळतो.

मग तो म्हणाला की ठीक आहे, बाहेरून कमांडलाइनवर डॅश डी देऊन आउटपुट फोल्डर बदलतो. बदलेना. अर्धा तास बसला होता बिचारा, कॅशे फाईलमधे त्याने दिलेला पाथ व्यवस्थित दिसत होता पण फाईल मात्र जुन्याच जागी. कारण असं की डॅश डीने दिलेली किंमत कॅशे व्हेरिएबलमधे जाते आणि सीमेकलिस्ट्समधल्या साध्या सेटने त्याच नावाचं नॉर्मल व्हेरिएबल बनतं, आणि वाचताना नॉर्मलवालं आधी सापडतं. म्हणजे आतली ओळ बाहेरच्याचं ऐकतच नाही.

आणि ह्या सगळ्या प्रोजेक्टमधला खरा घोळ मला तरी इथेच वाटतो. लायब्ररी कुठे ठेवायची हे लायब्ररीने ठरवायचंच कशाला? तिला काय माहिती तिला कोण बिल्ड करतंय, ग्रेडल करतंय, एक्सकोड (आयफोनचं बिल्ड टूल) करतंय, का कोणी डेस्कटॉपवर टेस्ट चालवतंय. एबीआय, म्हणजे प्रोसेसरचे प्रकार, चार, त्यात डीबग आणि रिलीज वेगळे, उद्या आयफोनचा डिव्हाइस आणि सिम्युलेटर. मार्केटमधे जसा प्रत्येकाचा आपापला गाळा असतो तसा ह्या प्रत्येक जोडीला आपापला फोल्डर हवा, आणि गाळे वाटायचं काम बाहेरच्याचं. ओळीत हार्डकोडच्या जागी अँड्रॉइड_एबीआय हे व्हेरिएबल टाकलं असतं तर एबीआय वेगळे झाले असते हे खरं, नेटवर पण बहुतेक जण हेच सांगतात. पण डीबग आणि रिलीज तरी एकाच जागी पडले असते, शेवटचा जो बिल्ड झाला तो जिंकला. ती ओळच उडवली.

१४ जुलै, सोमवार

बिल्ड.एसएच निवृत्त. ग्रेडलच्या एक्सटर्नल नेटिव्ह बिल्ड ब्लॉकमधे सीमेकलिस्ट्सचा पाथ दिला, एबीआय फिल्टर्समधे दोन्ही आर्म टाकले, एम्युलेटरसाठी डीबगमधे एक्स८६_६४ वाढवला. आता ग्रेडल प्रत्येक एबीआयसाठी सीमेक वेगळा चालवतो आणि लायब्ररी आउटपुट डिरेक्टरी स्वतः बाहेरून देतो. फाईल पडते बिल्ड, इंटरमिजिएट्स, सीएक्सएक्स, मग बिल्डचा प्रकार, मग आठ-दहा अक्षरांचा एक विचित्र हॅश, मग ओबीजे आणि मग एबीआय. रिलीजचा फोल्डर आमच्याकडे रिलविथडेबइन्फो नावाने आला, कोणी रिलीज शोधत बसू नका.

त्या हॅशवरून सगळे वैतागतात, मी पण. पण तो उगाच नाहीये, फ्लॅग बदलले की हॅश बदलतो म्हणजे जुन्या सेटिंगच्या ऑब्जेक्ट फाईल नव्यात मिसळत नाहीत. त्यामुळे कुठल्याही स्क्रिप्टमधे तो पाथ लिहायचा नाही, कोणी लिहिला तर रिव्ह्यूत परत पाठवणार.

नक्की काय पाथ दिला गेला हे बघायचं असेल तर अंदाज लावत बसू नका. मॉड्यूलच्या डॉट सीएक्सएक्स फोल्डरमधे, एबीआयच्या आत मेटाडेटा_जनरेशन_कमांड नावाची टेक्स्ट फाईल असते, ग्रेडलने सीमेकला कुठले कुठले ऑप्शन दिले ते सगळे त्यात ओळीने लिहिलेले असतात. माझं अर्धं डीबगिंग त्या एका फाईलवर होतं. हा डॉट सीएक्सएक्स गिटइग्नोरमधे (गिटने सोडून द्यायच्या यादीत) टाकलाय, आधी तो पण कमिट केलेला होता!

दुपारी ज्युनियरच्या विंडोज लॅपटॉपवर वेगळंच. त्याने रेपो ठेवलाय डॉक्युमेंट्सच्या आत, प्रोजेक्ट्सच्या आत, ऑफिसच्या आत, क्लायंटच्या नावाच्या आत, त्यावर सीएक्सएक्स आणि हॅश आणि एबीआय आणि सीमेकचा स्वतःचा ऑब्जेक्ट फोल्डर. ऑब्जेक्ट फाईलचा पूर्ण पाथ २५० अक्षरांच्या वर गेला की सीमेक कुरकुर करतो, कारण विंडोजची जुनी मर्यादा २६०ची आहे. बिल्ड स्टेजिंग डिरेक्टरी ही सेटिंग ह्याचसाठी असते, डॉट सीएक्सएक्सच्या जागी तुम्ही सांगाल तो फोल्डर. लोकल प्रॉपर्टीजमधून वाचून, विंडोज असेल तरच, सी ड्राइव्हवर दोन अक्षरी फोल्डर दिला. एक काळजी घ्यायची, हा फोल्डर प्रोजेक्टच्या बिल्ड फोल्डरच्या आत देता येत नाही, ग्रेडल सरळ एरर देतो, कारण क्लीन केल्यावर बिल्ड उडतो आणि ह्या फाईल टिकायला हव्या असतात. त्याला रेपो हलव म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण त्याच्या बाकी पंधरा गोष्टी त्या पाथवर आहेत, जाऊ दे.

१८ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस प्रिंटरने खाल्ला.

पट्टी छापायच्या प्रिंटरच्या कंपनीने तयार एसओ दिलेली आहे, सोर्स नाही. ती जेएनआयलिब्समधे पण होती आणि आता आमच्या सीमेकमधे इंपोर्टेड म्हणून पण आली, कारण आमचा कोड तिला लिंक होतो. ग्रेडल म्हणाला एकाच पाथवर दोन फाईल सापडल्या, कुठली घेऊ. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ४.० पासून सीमेकला लिंक झालेली तयार लायब्ररी तो आपणहून पॅकेज करतो, त्याच्या आधीच्या जमान्यात ती जेएनआयलिब्समधे ठेवावीच लागायची, त्यामुळे सगळे जुने नमुने अजून तसंच सांगतात. पिक फर्स्ट (पहिली सापडेल ती घे) टाकून तोंड बंद करता येतं आणि बऱ्याच ठिकाणी तेच केलेलं दिसतं, पण पिक फर्स्ट म्हणजे दोन फाईल वेगळ्या असल्या तरी एक गुपचूप निवडली जाणार, आणि आपण इथे शिळ्या फाईलच्या मागे लागूनच आलोय. प्रिंटरची फाईल थर्डपार्टी नावाच्या फोल्डरमधे, एबीआयप्रमाणे हलवली. जेएनआयलिब्स आता रिकामा. फोल्डरच डिलीट केला, रिकामा ठेवला की कोणीतरी काहीतरी आणून ठेवतंच.

बिल्ड झाला, फोनवर टाकला, उघडताक्षणी क्रॅश. लायब्ररी सापडत नाही म्हणे, आणि लायब्ररीच्या नावाच्या जागी माझ्या मशीनवरचा पूर्ण पाथ, होमपासून थर्डपार्टीपर्यंत! फोनवर माझं होम फोल्डर कुठून येणार. रीडएल्फने (एसओच्या आतलं दाखवणारी कमांड) आमच्या एसओची नीडेड यादी, म्हणजे तिला लागणाऱ्या लायब्ररींची, काढली तर तिथेच तो अख्खा पाथ छापलेला. ह्याचं कारण प्रिंटरवाल्या फाईलमधे एसओनेमच नाहीये. लायब्ररी बनवताना तिच्या पोटात तिचं नाव लिहिलं नाही तर लिंकर ज्या पाथने ती दिली तोच पाथ जसाच्या तसा नाव म्हणून उचलतो. अँड्रॉइड ६ च्या आधी लोडर पाथ सोडून फक्त शेवटचं नाव बघायचा म्हणून चालून जायचं, एपीआय २३ पासून ते बंद. सीमेकमधे त्या टार्गेटला इंपोर्टेड_नो_एसओनेम ट्रू केलं की पाथच्या ऐवजी नुसत्या नावाने लिंक होतं. केलं, चाललं.

आधीच्या टीमला हे का दिसलं नाही? कारण ते लिंकच करत नव्हते, डीएलओपनने रनटाइमला नावाने उघडत होते. वाईट पद्धत नाही म्हणता येत, पण मग फंक्शनची सही चुकली तर ते बिल्डला न कळता मार्केटमधे कळतं.

प्रिंटर कंपनीला मेल टाकलाय एसओनेम घालून द्या म्हणून. उत्तर आलं की बघू.

२३ जुलै, बुधवार

आयओएस. हे बघायला आपला आयओएसवाला दादा ठाण्याहून आला, एरवी तो घरूनच असतो, ट्रान्सहार्बरला नेहमीसारखी गर्दी आणि वरून पाऊस, आल्या आल्या चहा आणि मग काम.

त्याच्या बाजूला अडचण वेगळी. तिथे आपण स्टॅटिक लायब्ररी बनवतो, म्हणजे डॉट ए, आणि जुन्या स्क्रिप्टमधे सेट होतं लायब्ररी आउटपुट. त्याचा डॉट एवर काहीच परिणाम नाही, ते आर्काइव्हवालं हवं. दादा म्हणाला, "अगं, म्हणजे ती ओळ नुसती शोभेला होती!" होती खरी.

दुसरं, सीमेकमधे एक्सकोड जनरेटर (एक्सकोडचं प्रोजेक्ट बनवून देणारा) घेतला की आपण दिलेल्या आउटपुट फोल्डरला सीमेक स्वतः पुढे शेपूट लावतो, रिलीज-आयफोनओएस किंवा डीबग-आयफोनसिम्युलेटर असं काहीतरी. एक्सकोड हा एकाच प्रोजेक्टमधे डीबग-रिलीज दोन्ही ठेवणारा जनरेटर आहे, त्यामुळे शेपूट नसेल तर एकमेकांवर पडतील, म्हणून ते चांगलंच आहे. ते नको असेल तर पाथमधे जनरेटर एक्सप्रेशन टाकायचं, मग सीमेक समजतो की फोल्डर वेगळे करायची काळजी तुम्ही घेतलीय. दादाला शेपूट नको होतं, स्क्रिप्ट सोपी होते म्हणे. मी म्हटलं राहू दे, शेपटामुळेच डिव्हाइस आणि सिम्युलेटर वेगळे राहतायत. थोडी वादावादी, मग डिव्हाइस आणि सिम्युलेटरसाठी दोन पूर्ण वेगळे बिल्ड फोल्डर ठेवायचे ठरलं, शेपूट असो नसो.

जुन्या स्क्रिप्टमधे शेवटी लिपो (लायब्ररी जोडणारी कमांड) करून दोन्ही एका फाईलमधे चिकटवायचे होते. इंटेल मॅक होते तोवर ते जमायचं, डिव्हाइस आर्म६४ आणि सिम्युलेटर एक्स८६_६४. आता एम सिरीजच्या मॅकवर सिम्युलेटर पण आर्म६४, आणि एकाच आर्किटेक्चरच्या दोन तुकड्या लिपो एका फाईलमधे ठेवत नाही. एक्ससीफ्रेमवर्क (दोन्ही लायब्ररी वेगळ्या ठेवणारं पॅकेज) ह्याचसाठी आलं, एक्सकोड ११ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. एक्सकोडबिल्डला क्रिएट एक्ससीफ्रेमवर्क सांगायचं, दोन लायब्ररी, त्यांची हेडर आणि आउटपुट पाथ द्यायचा. आउटपुट आधीच असेल तर तो त्यावर लिहीत नाही, एरर देतो, म्हणून आधी जुनं उडवायची ओळ स्क्रिप्टमधे घातली.

डिराइव्हडडेटा, म्हणजे एक्सकोडचा बिल्डचा फोल्डर. सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) आम्ही डिराइव्हड डेटा पाथ स्पष्ट देतोय, रेपोच्या आतला. नाहीतर तो युजरच्या लायब्ररी फोल्डरमधे खोल कुठेतरी जातो, आणि एकाच मशीनवर दोन ब्रँचचे बिल्ड चालले की कुठला कोणाचा ते शोधत बसा.

३१ जुलै, गुरुवार

काल रात्री मार्केटमधून क्रॅश. माल उतरायची वेळ, मापाडी वैतागले, आडत्याने सरांना फोन केला, सरांनी मला. लॉगमधे आपल्या लायब्ररीचं नाव आणि पुढे नुसते पत्ते, एकही फंक्शनचं नाव नाही. साहजिक आहे, एपीकेत जाणारी एसओ स्ट्रिप केलेली, म्हणजे फंक्शनची नावं (सिंबॉल) काढलेली असते.

स्ट्रिप न केलेली कुठे असते? ग्रेडलमधे बिल्ड इंटरमिजिएट्सच्या मर्ज्ड नेटिव्ह लिब्समधे सिंबॉल असलेली, आणि स्ट्रिप्ड नेटिव्ह लिब्समधे कापलेली. जुन्या एनडीके-बिल्डमधे पण अशीच जोडी होती, ओबीजे लोकलमधली पूर्ण आणि लिब्समधली कापलेली, आणि त्या दोन जागा बदलायच्या तर एनडीके_आउट आणि एनडीके_लिब्स_आउट. प्रिंटर कंपनीचा नमुना प्रोजेक्ट अजून त्याच जमान्यातला आहे, त्यामुळे हे माहिती असलेलं बरं. दोन्ही फाईलचं नाव सारखंच, आकारावरूनच ओळखायची.

आमच्या रिलीजची स्ट्रिप न झालेली फाईल माझ्या मशीनवर होती, सीआयने बनवलेल्या एपीकेची नव्हती. नुसतं व्हर्जन जुळून उपयोग नसतो, बिल्ड आयडी (एसओच्या आतली त्या बिल्डची ओळख) जुळावा लागतो, तो रीडएल्फने नोट्स काढल्या की दिसतो. त्या कमिटवर सीआय परत चालवला, बिल्ड आयडी तोच आला, हुश्श. एनडीके-स्टॅकला (पत्त्यांवरून नावं काढणाऱ्या टूलला) तो फोल्डर दिला आणि लॉग ओतला की फंक्शन, फाईल, ओळ नंबर सगळं आलं. काट्याचं ब्लूटूथ मधेच तुटलं की रिकामा बफर वाचला जात होता. पाच ओळींचा फिक्स, शोधायला दुपार.

डीबग सिंबॉल लेव्हल फुल केली, म्हणजे रिलीज बंडल बनताना सिंबॉल पण त्यात जातात आणि प्ले कन्सोलमधे क्रॅश वाचता येतात. शिवाय सीआय प्रत्येक टॅगची मर्ज्ड फोल्डरवाली प्रत बिल्ड आयडीच्या नावाने ठेवून देतो. नावात बिल्ड आयडी ठेवायची कल्पना ज्युनियरची, शाबास.

१२ ऑगस्ट, मंगळवार

१६ केबी, म्हणजे फोन मेमरी ज्या तुकड्यांत (पेज) वाटतो त्यांचा नवा आकार. हा विषय सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय पण बहुतेकांना वाटतंय ते फक्त गेमवाल्यांचं आहे. अँड्रॉइड १५ आणि पुढचं टार्गेट करणारी नवी ॲप आणि अपडेट, प्लेवर १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी पेज साइजच्या फोनवर चालायला हवीत. जिथे एसओ आहे तिथे हे आलंच. जावा-कोटलिनवाले सुटले, असं त्यांना वाटतं, पण त्यांनी घेतलेल्या एखाद्या लायब्ररीच्या पोटात एसओ असेल तर ते पण अडकले.

आमची लायब्ररी एनडीके आर२८ वर नेली, तो १६ केबी अलाइनमेंट आपोआप करतो. आर२७ असेल तर फ्लेक्सिबल पेज साइजचा फ्लॅग सीमेकला द्यावा लागतो, त्याच्याही आधीचा असेल तर लिंकरला मॅक्स पेज साइज १६३८४. तपासायचं कसं, तर ऑब्जडंपने प्रोग्राम हेडर काढायचे आणि लोडच्या ओळींमधे अलाइन बघायचं, दोनचा १४ वा घात दिसला की पास, १२ वा म्हणजे जुनं ४०९६चं. आमची १४. प्रिंटरची १२. अर्थात.

हे तपासताना फाईल कुठली घ्यायची? इंटरमिजिएट्समधली घेऊन "पास" म्हणू नका. शेवटची एपीके उघडून त्यातली घ्या, कारण मधे कोण काय बदलून टाकतं हे आपण जुलैत बघितलंय. एपीकेच्या आत एसओ कुठल्या ऑफसेटला बसलीय ते पण १६ केबीवर असावं लागतं, त्यासाठी झिपअलाइनला डॅश कॅपिटल पी १६ देऊन तपासायचं, आणि ग्रेडल प्लगइन ८.५.१ किंवा वरचं हवं. दोन्ही तपासण्या सीआयमधे, नापास झालं तर बिल्ड लाल. ३२ बिटवाल्या फाईलला हा नियम लागू नाही, त्यामुळे स्क्रिप्ट फक्त ६४ बिटचे फोल्डर बघते, नाहीतर मार्केटमधल्या जुन्या फोनच्या फाईलवर उगाच बोंब मारत बसली असती.

प्रिंटर कंपनीला दुसरा मेल. ह्यावेळी सरांकडून, आणि नोव्हेंबरची तारीख ठळक करून.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाचा रेड अलर्ट, सगळे घरून. लाइट जातयेत त्यामुळे तुकड्यातुकड्यात काम.

सीआय वेगवान करायला कोणीतरी डॉट सीएक्सएक्स कॅशे केलाय, आणि आज नवीन मशीनवर तो उतरला की सीमेक ओरडायला लागला की कॅशे फाईल ज्या फोल्डरमधे बनली तो हा नाही. बरोबर आहे त्याचं, सीमेककॅशेमधे पूर्ण पाथ लिहिलेले असतात, दुसऱ्या जागी उचलून ठेवायची ती गोष्टच नाही. ते काढलं, त्याऐवजी सीकॅशे लावला, तो कंपाइल केलेले तुकडे सांभाळतो आणि बिल्ड फोल्डर दर वेळी कोरा असला तरी त्याला चालतं. पाथ वेगळा असला की सीकॅशेला पण तुकडे सापडत नाहीत, त्यासाठी बेस डिरेक्टरी रेपोच्या मुळावर दिली.

ह्यातच लक्षात आलं की असर्टच्या मेसेजमधे माझ्या होम फोल्डरचा पाथ एपीकेत जातोय. फाईल प्रीफिक्स मॅपचा फ्लॅग टाकून रेपोचा पाथ टिंबात बदलला.

२५ ऑगस्ट, सोमवार

प्रिंटर कंपनीची नवी फाईल शनिवारी आली. एसओनेम आहे, अलाइन १४ आहे, फक्त झिपमधे त्यांनी ६४ बिटचा फोल्डर नुसता आर्म६४ नावाने दिलाय, तो अँड्रॉइडला चालत नाही, पूर्ण नाव आर्म६४-व्ही८ए लागतं. नाव बदलून थर्डपार्टीत ठेवली. इंपोर्टेड_नो_एसओनेम काढून टाकलं. दोन्ही फाईलची हॅश रेपोत लिहून ठेवली, पुढच्या वेळी नवी आली की डिफमधे दिसेल.

सकाळी वाशीला ३२ बिटचे चार फोन आणि दोन नवे घेऊन बसलो. एकाच गोणीवर सहाही फोनवर एकच आकडा. मापाडीकाकांनी मुद्दाम गोणीला हात टेकवून वजन हलतं ठेवलं, तरी नोंद हात काढल्यावरच झाली. एक आडते म्हणाले, "पट्टीवर दुकानाचं नाव जरा मोठं करा ना मॅडम." ते जावाच्या बाजूचं आहे, तिकीट टाकलं.

सेटिंग स्क्रीनवर खाली कोर लायब्ररीचं व्हर्जन, एबीआय आणि बिल्ड आयडीची पहिली आठ अक्षरं दाखवतोय आता. तक्रार आली की आधी तो फोटो मागायचा.

बुधवारी गणपती, निम्मी टीम कोकणच्या गाडीत बसलेली असेल, म्हणून रिलीज आज संध्याकाळीच आधी २० टक्के युजरना सोडलं. ब्रँच मर्ज, बिल्ड.एसएच डिलीट, रीडमीमधे आता एक ओळ, ग्रेडलची. आयफोनचं एक्ससीफ्रेमवर्क दादा गणपतीनंतर जोडणार, त्याचं तिकीट त्याच्या नावावर.